कुत्रं उंबऱ्याच्या आत कसं येतं?

कृष्णाकाठ
सांगली भागात कुत्र्याबद्दल दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. मळ्यातल्या वस्तीवर "राखणीला एक असावं" आणि शहरातल्या फ्लॅटमध्ये "पोरं हट्ट करतात, पण निस्तरायचं कुणी?" दोन्हीकडे कुत्र्याची जागा उंबऱ्याबाहेर. आणि दोन वर्षांनी त्याच घरात बघावं, तर ज्यानं सगळ्यात जास्त विरोध केला तोच पावसात एका हातात छत्री नि दुसऱ्या हातात दोरी धरून कुत्र्याला फिरवत असतो.

हे घडतं कसं? माझं मत असं की गोंडस पिल्लू बघून लळा लागत नाही. गोंडसपणा पंधरा दिवस पुरतो. त्यानंतर उरतात ती कामं: सकाळी फिरवणं, वाटी धुणं, गोचीड बघणं, वेळेवर लस. ही कामं ज्याच्या हातून होतात त्यालाच कुत्र्याचं वेड लागतं. म्हणून घरात ज्याला कुत्रं नको आहे, वाटी त्याच्याच हातात द्यावी.

पटतं का? नेमकं कसं करावं, कुठे बिघडतं, का बिघडतं, जाणकारांनी सविस्तर लिहा.

वाईचा_घाट
ज्याच्या हातून भाकरी, त्याचं कुत्रं. आणि कुत्र्याचा तो माणूस. +१

अजिंक्यतारा
भाकरी महत्त्वाची आहे, पण तेवढ्यावर भागत नाही. कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या संशोधकांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांवर केलेला अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. अनोळखी माणसानं काही कुत्र्यांना नुसतं खायला दिलं, तर काहींना गोंजारलं. पुन्हा पुन्हा भेटीनंतर विश्वास जास्त बसला तो गोंजारणाऱ्यावर. माणसाच्या बाजूनंही असंच होतं. जपानमधल्या 2015 च्या अभ्यासात कुत्रं आणि मालक एकमेकांकडे शांतपणे बघत राहिले, तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढलेलं दिसलं. आई आणि तान्ह्या बाळाच्या नात्यात जे संप्रेरक काम करतं, तेच हे. माणसाळवलेल्या लांडग्यांमध्ये हे आढळलं नाही.

म्हणून हात कसा लावायचा हे आधी शिकावं. बहुतेक लोक वरून डोक्यावर हात नेतात. कुत्र्याला तो मारायला उगारलेल्या हातासारखा दिसतो. थोडं बाजूला वळून उकिडवं बसावं, त्याला आपणहून यायला द्यावं. हुंगून झालं की हनुवटीखाली किंवा छातीवर तीन सेकंद खाजवावं आणि हात काढून घ्यावा. तो अंग रेटत जवळ आला तर पुढे चालू. मान वळवली, ओठ चाटले, झोप नसताना जांभई दिली किंवा डोळ्याचा पांढरा भाग दिसू लागला, तर आज एवढंच पुरे.

शेपूट हलतेय म्हणजे खूश, असंही धरून चालू नये. सैल अंगानं अख्खी कंबर हलत असेल तर खूश. अंग ताठ, शेपूट उंच आणि टोकच थरथरतंय, तर लांब राहावं.

माणदेशी_मेंढका
अजिंक्यतारा, तुमचं शहरात बरोबर आहे. पण माणदेशात मेंढराच्या कुत्र्याला दिवसभर कोण गोंजारत बसतं? तरी त्या कुत्र्याएवढा जीव कुणी लावत नाही, आणि मालकही त्याच्यापुढे भाकरी टाकल्याशिवाय घास उचलत नाही. ते नातं सोबतीच्या कामाचं आहे. दहिवडी, म्हसवड, आटपाडी, जतच्या माळावर लांडगा अजून आहे. रात्री वाघरात, म्हणजे जाळीच्या कुंपणात, मेंढरं कोंडली की कुत्र्याच्या भुंकण्यावरून कळतं, बाहेर माणूस आहे की जनावर.

अशा कुत्र्याचं शिक्षण वेगळं. पिल्लाचे डोळे उघडल्यापासून ते मेंढरांच्या वासात वाढलं पाहिजे. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत पिल्लू ज्यांच्यात राहतं त्यांना ते आपलं मानतं. त्या दिवसांत फक्त माणसांत ठेवलं, तर मोठेपणी मेंढरं राखायची सोडून ते माणसाच्या मागे येतं. फक्त मेंढरांत ठेवलं, तर माणसाला बुजतं. म्हणून दिवसातून दोनदा मालकानं हातात घ्यायचं आणि परत कळपात सोडायचं.

दुसरी गोष्ट जातीची. कारवानी आणि मुधोळ ही आपल्या पठारावरची शिकारी कुत्री. मुधोळ संस्थान जवळच, कर्नाटकात. 2005 साली टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात मुधोळही होतं. ही कुत्री दिसायला लागली की लोक विचारतात, "खायला घालत नाही का?" बरगड्या दिसणं हा त्यांचा बांधा आहे. जाड केलं तर सांध्यावर ताण येतो. पण सांगली शहरात विश्रामबागेतल्या दोन खोल्यांत मुधोळ आणून गच्चीवर बांधणं हा अन्याय आहे. नजरेनं शिकार करणारं कुत्रं हललेल्या वस्तूमागे सुटतं, त्या क्षणी हाक त्याच्या कानात शिरत नाही. कोंबड्या-शेळ्यांच्या वस्तीवर त्याला मोकळं सोडू नये. रोज एकदा कुंपण असलेल्या मोकळ्या रानात पळवावं, बाकी वेळ दोरी.

गोठा_डॉक्टर
कृष्णाकाठ, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर थोडं कठोर आहे. कितीतरी माणसं श्वानप्रेमी होता होता राहतात, कारण पहिलंच पिल्लू पहिल्या महिन्यात जातं. मग घरात ठरतं, "परत नको." ते पिल्लू वाचवणं आपल्या हातात असतं, म्हणून सविस्तर लिहितो.

वय. महिन्याभराचं पिल्लू घेऊ नका, विकणारा कितीही म्हणाला तरी. आठ आठवडे पूर्ण हवेत. सहा ते आठ आठवड्यांत ते भावंडांशी मस्ती करताना चावा किती जोराचा घ्यायचा हे शिकतं. जोरात चावलं की दुसरं ओरडतं, खेळ थांबतो. हे न शिकलेलं पिल्लू मोठेपणी खेळतानाही दात रुतवतं, आणि मग त्याला साखळीला बांधलं जातं.

लस. पहिली सहा ते आठ आठवड्यांत, नंतर दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवडे होईपर्यंत. रेबीजची तीन महिने पूर्ण झाल्यावर आणि पुढे दरवर्षी. एवढ्या वेळा का? आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती लसीलाही मारून टाकते, आणि ती कोणत्या पिल्लात कधी उतरते हे बाहेरून दिसत नाही. म्हणून "एक सुई मारलीय" म्हणजे पिल्लू सुरक्षित झालं असं नाही. लसीकरण पूर्ण होईपर्यंत त्याला रस्त्यावरची माती हुंगू देऊ नका. पण कोंडूनही ठेवू नका. कडेवर घेऊन बाजार दाखवा, स्कूटर, कुकरची शिट्टी, टोपी घातलेला माणूस, छत्री, लहान मूल, सगळं दाखवा. जे या वयात बघितलं नाही, त्याला ते जन्मभर भुंकतं.

जंत. दोन आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, सहा महिन्यांपर्यंत महिन्याला, पुढे तीन महिन्यांनी. डोस वजनावर ठरतो, म्हणून आधी वजन करा. पिल्लाला पिशवीत घालून भाजीच्या काट्यावर ठेवलं तरी चालतं.

खाणं. नुसतं दूध-भाकरी हे अन्न नाही. गाई-म्हशीचं दूध बऱ्याच पिल्लांना पचत नाही, हगवण लागते. दोन महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून चार वेळा थोडं थोडं द्या. भाकरी किंवा भात मऊ करून त्यात उकडलेलं अंडं किंवा बिनहाडाचं शिजवलेलं चिकन. मीठ, मसाला, कांदा, लसूण काही नाही. तीन महिन्यांनंतर तीन वेळा, सहा महिन्यांनंतर दोन वेळा. शिजवलेलं हाड कधीच नाही, ते काचेसारखं फुटतं आणि आतड्यात रुततं.

पार्वो, म्हणजे विषाणूमुळे होणारा पिल्लांचा हगवणीचा आजार. लस न झालेल्या पिल्लानं सकाळी खाणं सोडलं, दुपारी ओकलं, रात्री घाण वासाची रक्ताची हगवण लागली, तर "उद्या बघू" म्हणू नका. मृत्यू होतो तो मुख्यतः पाणी संपून आणि आतड्यातून जंतू रक्तात जाऊन. सलाईन लागतं. ओकत असताना तोंडानं साखर-मिठाचं पाणी ओतलं तर ते फुप्फुसात जाऊ शकतं. आणि एक चूक सगळीकडे दिसते. पिल्लू गेल्यावर जागा फिनाईलनं धुतात आणि पंधरा दिवसांत दुसरं आणतात. फिनाईलवर पार्वोचा विषाणू मरेल असा भरवसा ठेवता येत नाही. आधी घाण साबणानं घासून काढा, मग तीस भाग पाण्यात एक भाग ब्लीच करून फरशीवर दहा मिनिटं ओलं राहू द्या. अंगणातली माती अशी साफ होत नाही. तिथं विषाणू कित्येक महिने, वर्षभरसुद्धा टिकतो. त्या अंगणात लसीकरण पूर्ण झालेलं कुत्रंच आणा.

पलूसची_पोर
डॉक्टर, पहिल्या दोन-तीन रात्री पिल्लू रडून घर डोक्यावर घेतं. आणि तिथंच मोठी माणसं चिडतात. त्याचं काय करायचं?

गोठा_डॉक्टर
ताई, ते आईच्या अंगाची ऊब शोधत असतं. आईजवळची चिंधी किंवा गोणपाटाचा तुकडा पिल्लाबरोबर मागून घ्या, तो वास झोपताना जवळ राहू द्या. कोमट पाण्याची बाटली जुन्या लुगड्यात गुंडाळून शेजारी. आणि पहिले आठ-दहा दिवस पिल्लाचा खोका तुमच्या अंथरुणाजवळच, वेगळ्या खोलीत नाही. हात खाली सोडला की ते गप्प होतं. मग रोज हातभर लांब सरकवत न्या.

शी-शूचं गणित सोपं आहे. जितके महिन्यांचं पिल्लू, त्यात एक मिळवा, साधारण तेवढे तास ते जास्तीत जास्त दम धरतं. दोन महिन्यांचं तीन तास. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर लगेच त्याच जागी न्या. झालं की तिथल्या तिथं शाबासकी आणि खाऊचा कण. घरात झालं तर नाक घासू नका. त्यातून ते एवढंच शिकतं की माणसासमोर करायचं नाही, मग ते पलंगाखाली जाऊन करतं.

हळदीचं_पेव
सांगलीकरांसाठी एक गोष्ट मोठ्या अक्षरात लिहावी अशी आहे: बेदाणा कुत्र्याला विष आहे.

तासगाव, कवठेमहांकाळ भागात बेदाण्याच्या शेडवर राखणीला कुत्रं असतंच. रॅकवर जाळी असते, पण हंगामात खाली दाणे पडत राहतात आणि झाडताना ढीग होतो. कुत्रं तिथंच बसलेलं असतं. द्राक्षं आणि बेदाणे दोन्हींमुळे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. टार्टारिक आम्ल हे त्याचं कारण असावं असं आता मानतात. किती खाल्ल्यावर होईल याचा भरवसा नाही. एखादं मूठभर खाऊन ठीक राहतं, एखादं थोडक्यात आडवं होतं. काही तासांत ओकारी, मग सुस्ती, आणि एक ते तीन दिवसांत लघवी कमी होते किंवा बंद पडते. खाल्लेलं दिसलं की ओकारीची वाट बघू नका, तासा-दोन तासांत डॉक्टर गाठा. घरी मीठ पाजून ओकवू नका, मिठाचंही विष होतं. शेडवर कुत्रं बांधायची जागा रॅकपासून लांब, वाऱ्यानं दाणे येणार नाहीत अशी करा.

याच यादीत चॉकलेट, कांदा-लसूण, आणि माणसाच्या ताप-दुखीच्या गोळ्या.

दुसरं, हळद. आपल्याकडे जखम म्हटली की हळद भरतात. किडे पडलेल्या जखमेत वरून हळद भरली तर किडे आत सरकतात. पावसाळ्यात कानामागे, शेपटीच्या बुडाशी बघत राहा. कुत्रं एकाच बाजूला सारखी मान झटकत असेल आणि कुजका वास येत असेल, तर केस बाजूला करून पाहा. छोटं भोक दिसतं, त्यात तांदळाच्या दाण्यासारखं काही हलतं. पेट्रोल, रॉकेल, फिनाईल ओतू नका. मांस जळतं, वर कुत्रं तेच चाटतं. डॉक्टरकडे औषध मारून चिमट्यानं एकेक किडा काढावा लागतो, आणि दुसऱ्या दिवशी परत बघावं लागतं, कारण अंडी राहिलेली असतात.

माणदेशी_मेंढका
गोचिडाचंही सांगा. म्हशीच्या अंगावर मारायचं औषध अंदाजानं कुत्र्यावर ओततात लोक.

गोठा_डॉक्टर
बरोबर आठवण केलीत. जनावरांचं औषध पाण्यात किती मिसळायचं हे कुत्र्यासाठी वेगळं असतं, आणि कुत्रं अंग चाटतं, म्हैस तेवढं चाटत नाही. लाळ गळणं, थरथर, झटके, हे त्यातूनच. कुत्र्यासाठीची गोळी किंवा मानेवर टाकायचं औषध वजनानुसार घ्या. गोचीड चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा. नखांनी चिरडू नका. कानाची आतली बाजू, बोटांच्या बेचक्या आणि पट्ट्याखाली रोज हात फिरवा. निरोगी कुत्र्याचं तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं. गोचीड अंगावर असताना 104 ताप, हिरड्या पांढऱ्या, लघवी गडद, अशी लक्षणं दिसली तर रक्त तपासून घ्या.

विश्रामबाग_रहिवासी
सगळं वाचतोय. पण श्वानप्रेमी म्हणवणारे लोक सोसायटीच्या फाटकासमोर शिळंपाकं टाकून जातात आणि संध्याकाळी पोरांना सायकल फिरवता येत नाही. याबद्दल कुणी बोलतच नाही.

अजिंक्यतारा
रहिवासीकाका, तुमची तक्रार रास्त आहे. ज्याला कुत्र्याची काळजी आहे त्यानं शेजाऱ्याच्या भीतीचीही काळजी घेतलीच पाहिजे, नाहीतर काठी कुत्र्यावरच पडते. खायला घालण्याची रीत असते. ठरलेली एक जागा, फाटक आणि खेळायची जागा सोडून. ठरलेली वेळ, पहाटे किंवा रात्री उशिरा, पोरं बाहेर नसताना. प्रत्येक कुत्र्याला वेगळा ढीग, तीन-चार हात अंतरावर, म्हणजे भांडणं होत नाहीत. अर्ध्या तासानं उरलेलं उचलायचं. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतही रहिवाशांनी मिळून अशी जागा ठरवावी असं आहे, आणि 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानं नेमून दिलेल्या जागीच खायला घालण्यावर भर दिला.

आणि नुसतं खायला घालून नसबंदी न करणं म्हणजे अर्धंच काम. कुत्री साधारण 63 दिवसांत विते. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला खाच असते. ती बघून तुमच्या गल्लीत किती उरलीत हे मोजा आणि महानगरपालिकेला आकड्यासहित अर्ज द्या. त्या कुत्र्यांना परत तिथंच सोडतात, कारण जागा मोकळी झाली की दुसरी, लस न झालेली कुत्री येतात.

गोठा_डॉक्टर
चाव्याचा विषय निघालाच आहे तर: चावा किंवा ओरखडा, पाळलेल्या कुत्र्याचा असो की रस्त्यावरच्या, आधी साबण आणि वाहतं पाणी, पंधरा मिनिटं घड्याळ लावून. चुना, हळद, तिखट काही नाही. त्याच दिवशी दवाखाना. रेबीजच्या, दंडात स्नायूत घ्यायच्या सुया 0, 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी. कातडीत देतात तिथं 0, 3, 7 आणि 28. रक्त आलं असेल तर जखमेत सीरमही लागतं, ते मागून घ्या. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवा, पण त्यासाठी लस थांबवू नका. लक्षणं सुरू झाल्यावर या रोगाला उपाय नाही.

औदुंबराची_सावली
मूळ प्रश्नाकडे येऊ का? कृष्णाकाठ म्हणतात, ज्याला नको त्याच्या हातात वाटी द्या. इथं मी असहमत आहे, निदान अर्धी. "नको" दोन प्रकारचं असतं. एक नको वासाचं, केसांचं, सोवळ्याचं, कामाचं. दुसरं नको भीतीचं. पहिल्याला काम दिलं की लळा लागतो हे खरं. दुसऱ्याच्या हातात वाटी दिली तर हात थरथरतो, वाटी पडते, कुत्रं दचकून भुंकतं, आणि ती भीती आयुष्यभराची होते.

भीती असलेल्यासाठी पायऱ्या अशा. पहिला आठवडा फक्त बघायचं, कुत्रं बांधलेलं, दहा-बारा फुटांवर. छाती धडधडली की अंतर वाढवायचं, निघून जायचं नाही. दुसऱ्या आठवड्यात तिथूनच बाजूला खाऊ टाकायचा, कुत्र्याकडे टक लावून न बघता. मग ओळखीच्या माणसानं दोरी आखूड धरलेली असताना बरोबरीनं चालायचं, दोघं एकाच दिशेला. समोरासमोर येण्यापेक्षा सोबत चालणं दोघांनाही सोपं जातं. हात लावायचा तो सगळ्यात शेवटी, आणि पाठीवर. लहान मुलांना शिकवायचं ते "झाड व्हा": कुत्रं अंगावर आलं तर पळायचं नाही, हात अंगाशी, नजर पायाकडे. पळणाऱ्यामागे लागणं कुत्र्याच्या रक्तात आहे.

सोवळ्याचं म्हणाल तर देवापाशी कुत्रं असणं आपल्या भागाला परकं नाही. औदुंबरला मिळणाऱ्या दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री असतात, त्यांना चार वेद मानतात. पालीच्या खंडोबापाशीही कुत्रं आहेच.

वाईचा_घाट
आणि साताऱ्याजवळ संगम माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या काठी साताऱ्याच्या थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. शिकारीत वाघापासून त्यानं महाराजांना वाचवलं असं सांगतात. अजून कितीतरी घरांत कुत्र्याचं नाव खंड्या ठेवतात.

कृष्णाकाठ
औदुंबराची सावली, तुमचं बरोबर आहे. भीतीचा विचार मी केलाच नव्हता, माझं वाक्य मागे घेतो. मग शेवटचा एकच प्रश्न. भीती नाही, पण "मला यातलं काही सांगू नका" असं म्हणणारं घरातलं मोठं माणूस आहे. त्याच्याकडे पहिलं काम कोणतं द्यावं?

गोठा_डॉक्टर
पाण्याची वाटी. फिरवणं नको, कुत्रं ओढून पाडेल. औषध नको, ओरखडेल. खाणं नको, कमीजास्त होईल. पाण्यात चूक होण्यासारखं काही नाही, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते सगळ्यात गरजेचं.

पसरट बुडाची जड वाटी घ्या, स्टीलची असेल तर खाली ओलं फडकं, म्हणजे सरकत नाही. सावलीत, येण्या-जाण्याच्या वाटेवर, त्या माणसाच्या खुर्चीवरून दिसेल अशी. दहा किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागतं, उन्हात त्याहून जास्त. सकाळी, दुपारी, संध्याकाळी वाटी घासून ताजं भरायचं, आणि तांब्यानं मोजून भरायचं. कारण पाणी एकदम कमी झालं किंवा एकदम वाढलं, तर आजार सगळ्यात आधी तिथं दिसतो.

दोन आठवडे त्यांना काही विचारू नका. मग एकदा सहज विचारा, "आज किती प्यायला हो?" ते तांब्यांचा हिशोब सांगतील.

पलूसची_पोर
आमच्या अण्णांना आजच तांब्या देते.